मावळतीची खोली

सूर्याशी खासगी भांडण असलेला माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. ऊन सगळ्यांनाच लागतं. जळगावात तर ते होळी झाली की नातेवाइकासारखं येऊन उतरतं आणि मृगापर्यंत सामान आवरायचं नाव घेत नाही. बाकीचे लोक त्याला चार शिव्या घालतात, डोक्याला उपरणं गुंडाळतात, खिशात पांढरा कांदा टाकतात आणि आपापल्या कामाला लागतात. मामांना ही शरणागती मान्य नव्हती. सूर्य उगवतो तो जिल्ह्यासाठी नव्हे, तो केवळ आपल्या घरात शिरायला उगवतो, अशी त्यांची पक्की समजूत होती. रोज सकाळी आठ वाजता ते ओट्यावर उभे राहून पूर्वेकडे पाहायचे. भुरट्या चोराकडे हवालदार पाहतो ना, अगदी तसे. मग आत जाऊन एकेक खिडकी लावायचे. शेवटची कडी पडली की मामींना सांगायचे, "झालं. आता येऊ दे त्याले."

मामा मूळचे केळीवाले. तापीच्या काठाला, मुक्ताईनगरच्या अलीकडे त्यांची बाग होती. (तेव्हा आम्ही सगळे त्या गावाला एदलाबादच म्हणायचो.) शालू ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिच्या कॉलेजसाठी मामांनी बाग धाकट्या भावाच्या हवाली केली आणि जळगावात, गावाबाहेर नव्याने पडलेल्या प्लॉटांवर, चार खोल्यांचं स्लॅबचं घर बांधलं. केळीइतकं लाडावलेलं पीक दुसरं नाही. उन्हाळ्यात गरम झळा सुटल्या की तिची पानं फाटतात, कोवळा घड करपतो. म्हणून बागेच्या कडेने शेवरीच्या झाडांची दाट भिंत उभी करायची, घडावर वाळल्या पानांचं पांघरूण बांधायचं आणि पाण्याची पाळी काही झालं तरी चुकवायची नाही. पंचवीस वर्षं हे केलेला माणूस शहरात आला, बाग मागे राहिली आणि हात मात्र सोबत आले. ते रिकामे बसेनात. मग मामांनी घरालाच केळीची बाग समजायला सुरुवात केली. हे मी अलंकार म्हणून सांगत नाही. घराभोवती त्यांनी खरोखर शेवरी लावली होती. गच्चीवर केळीच्या वाळल्या पानांचा ढोपरभर थर होता, त्यावर गोणपाटं होती, आणि त्या सुमारास जिल्ह्यात ठिबकच्या नळ्या नव्या नव्या आल्या, तेव्हा भावाच्या शेतातला एक तुकडा आणून मामांनी तो त्या गोणपाटांवर अंथरला होता. भावाच्या केळीला ठिबक मिळायच्या आधी मामांच्या स्लॅबला मिळालं. भाऊ बिचारा काही बोलला नाही. थोरल्या भावाच्या घराला "घड लागेल तव्हा पाहू," एवढंच म्हणाला.

मी धुळ्याचा. लग्नानंतर वर्षभरातच माझी बदली जळगावच्या कचेरीत झाली आणि मामांच्या घरापासून तिसऱ्या घरात आम्ही दोन खोल्या घेतल्या. गल्ली मामांना 'आबा' म्हणायची, त्यांची शालूही आबाच म्हणायची. मी बायकोच्या नात्याने मामा म्हणू लागलो. पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तो एप्रिलमधला रविवार होता आणि दुपारचे बारा वाजले होते. मी दाराचा पडदा उचलून आत पाऊल टाकतो तो काळोखातून आवाज आला, "थांबा!" मी थांबलो. पुढे आणखी एक पडदा होता, वाळ्याचा, ओलाचिंब. "आधी मागचा पडदा पडू द्या. पडला? आता पुढचा उचला. अर्धाच! आडवे व्हा न् या." मी आडवा होऊन आत शिरलो. बाहेरच्या पांढऱ्या उन्हातून आल्यामुळे मला काहीही दिसत नव्हतं. समोर कुणीतरी बुटकंसं, गोल, पांघरूण घेतलेलं बसलं होतं. नवा जावई म्हणून मी वाकून दोन्ही हातांनी नमस्कार केला. बराच वेळ आशीर्वाद मिळाला नाही. मग डावीकडून मामींचा आवाज आला, "जावई, तो माठ आहे. मी इकडे."

त्या घरात सकाळी आठ ते संध्याकाळी सहा हा सूर्याविरुद्धचा पहारा होता आणि त्याचे नियम होते. नऊनंतर चूल नाही. दाराची उघडझाप दिवसातून चार वेळा, त्यातल्या दोन मामांच्या स्वतःसाठी राखीव. पंख्याला मामांच्या लेखी काही किंमत नव्हती. "तो काय करते? घरातलीच गरम हवा याच्या तोंडावरून उचलते न् त्याच्या तोंडावर फेकते." शेजाऱ्यांनी पत्र्याचा भला मोठा कूलर आणला तेव्हा मामा तो बघायला गेले, त्याच्यासमोर पाच मिनिटं शांत बसले आणि परत येऊन म्हणाले, "गार हाये. पन आवाज केवढा! त्यापरीस उकडलेलं बरं." पण सगळ्यांत कडक नियम माणसांविषयी होता. मामांच्या मते माणूस म्हणजे पेटती शेगडी. एका खोलीत चारच शेगड्या चालतील. पाचवा माणूस आला की मामा सगळ्यांकडे एकदा नजर फिरवून ज्याची शेगडी जास्त धगधगत असेल त्याला शेजारच्या खोलीत बसवायचे. माझं वजन तेव्हाही बरं असल्याने बहुतेक वेळा ही पाळी माझ्यावर यायची. आणि बोलणाऱ्या माणसाची शेगडी तर दुप्पट तापते, म्हणून दुपारी बारा ते सहा बोलायला बंदी! पाणी हवं असेल तर बोट दाखवायचं. भांडण तर काढायचंच नाही. मामींनी हा नियम त्या घरातले सगळे उन्हाळे निमूट पाळला. फक्त दुपारभर साचलेलं सगळं त्या संध्याकाळी सहाच्या ठोक्याला बाहेर काढायच्या. मामा खिडकीची पहिली कडी काढायचे आणि त्याच क्षणी मामींचं पहिलं वाक्य गल्लीत येऊन पडायचं. आमच्या बाजूच्या तीन घरांना सहा वाजल्याचं कळायला घड्याळाची गरज नव्हती.

पाण्याच्या पाळीचा प्रकार आणखी वेगळा. आवारात एक आड होता, त्याला पाणी जेमतेम. त्यामुळे घरातला पाण्याचा एकही थेंब एकदाच वापरून सुटत नसे. आंघोळीला न्हाणीघर होतं, पण उन्हाळ्यात ते बंद. आंघोळ आवारात, शेवरीच्या रांगेत, पडदे लावून. कुणी कोणत्या झाडापाशी आंघोळ करायची ते मामा आदल्या दिवशी झाडांची पानं चिमटीत धरून ठरवायचे. "जावाईबोवा, उद्या तुम्ही सातव्या झाडापाशी. ते सुकून राह्यलं. साबन जरा कमी लावा." माझी आत्या पिंपळनेरकडची. खेड्यातली बाई, तोंडाने फटकळ. ती एकदा आमच्याकडे आली असताना मामींना भेटायला म्हणून गेली ती लुगड्याचा काठ भिजवूनच परतली. अहिराणी सोडून ती दुसरं काही बोलत नसे. ओट्यावर लुगडं पिळत म्हणाली, "हाई घर शे का केळीनं वावर शे? बठ्ठं घर वल्लं करी टाकं! मी बसनू ते सतरंजीमातीन पानी निंघनं!" मामांपर्यंत हे पोचलं तेव्हा ते खूश झाले. सतरंजी अजून ओली होती म्हणजे दुपारचे तीन वाजले तरी पाणी टिकलं होतं.

एकच जागा होती जिथे मामांचं काही चाललं नाही, ती म्हणजे पापड. उन्हाळा हा मामींचाही हंगाम होता. उडदाचे पापड, कुरडया, वर्षभराच्या शेवया, या सगळ्याला कडक ऊन आणि कोरडी गच्ची लागते. मामांची गच्ची चैत्रापासून चिखलात. दोन उन्हाळे यावर धुमसले आणि तिसऱ्या वर्षी मामींनी न बोलता सगळी परात उचलली आणि शेजाऱ्यांच्या गच्चीवर नेऊन घातली. तेव्हापासून एक विलक्षण दृश्य दिसायचं: एका गच्चीवर मामा सूर्याला हुसकावताहेत आणि लगतच्या गच्चीवर त्यांचीच बायको पदर डोक्यावरून घेऊन त्याला पायघड्या घालते आहे.

घराला चौथी एक खोली होती, तिच्याविषयी सांगायचं राहिलं. प्लॉट घेताना मामांकडून एक चूक झाली होती. शेतकऱ्याने जमिनीचा कस पाहावा तसा त्यांनी पाहिला, मातीची ढेकळं फोडून वास घेतला, आडाला पाणी लागेल का ते पाहिलं. दिशा पाहायची राहून गेली. घराची सगळी लांब बाजू मावळतीला आली. "उगवतीचं ऊन म्हंजे लेकरू हाये, मावळतीचं दरोडेखोर," असं मामा म्हणायचे. म्हणून मावळतीच्या बाजूची खोली त्यांनी या दरोडेखोराला देऊन टाकली होती. तिथे कुणी राहायचं नाही. तिच्यात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या, रिकामी पोती, मोडकी खाट असलं काहीबाही भरलेलं. आतल्या दाराच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या. सगळी झळ त्या खोलीने छातीवर घ्यायची आणि मधल्या खोलीने गार राहायचं, अशी ती व्यवस्था. मी एकदा खराटा आणायला तिचं दार उघडलं, तर भट्टीवाल्याने तोंडावर फुंकर मारल्यासारखं झालं. मामा आतून ओरडले, "लावा! लावा ते! चार दिवसांची मेहनत गेली!"

हे सगळं गमतीत चाललं होतं तोवर चाललं. ज्या उन्हाळ्याची गोष्ट सांगायची आहे त्याच्या आदल्या वर्षी शालूचं लग्न झालं. सासर नाशिकचं. फाल्गुनात कळलं की तिला दिवस गेले आहेत, पाचवा सरत आला आहे आणि बाळंतपण जूनच्या सुमारास. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कुणी ठरवत नाही. ते ठरलेलंच असतं. मामींनी जुन्या लुगड्यांची दुपटी शिवायला घेतली. आणि चैत्रात विहीणबाईंचं पत्र आलं. पत्र अतिशय मायेने लिहिलेलं होतं, म्हणजे त्यात वाद घालायला कुठे जागाच नव्हती. आपल्याकडचा उन्हाळा आम्ही लग्नात अनुभवला आहे. अवघडलेल्या पोरीला तो सोसायचा नाही. तेव्हा बाळंतपण इथेच करावं असं आमचं मत आहे. तुम्ही दोघांनी मुळीच वाईट वाटून घेऊ नये. खाली, पाकीट बंद करताना घाईने खरडल्यासारखी, शालूच्या अक्षरात एक ओळ होती: "आबा, मी घरी येईन ना?"

मामींनी डोळ्याला पदर लावला. मामांनी पत्र तीनदा वाचलं, घडी करून टोपीत ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "जावाईबोवा, लिहा. म्हना, अठी या. एक दुपार आमच्या घरात काढा. मंग ठरवा." मी तसं सभ्य भाषेत लिहिलं. उलट टपाली उत्तर आलं, की एरंडोलजवळच्या गणपतीला यायचा आमचा फार दिवसांचा नवस आहे, त्या निमित्ताने आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी एक दिवस आपल्याकडे उतरू. नवसाचं सगळ्यांनी मनावर घेतल्यासारखं केलं. प्रत्यक्षात घराची तपासणी होती हे गल्लीतल्या म्हशींनाही कळलं होतं.

त्यानंतरचे वीस दिवस मामांनी जे केलं ते पाहून मला पहिल्यांदा त्यांच्यावर हसायला जड गेलं. भावाने जीप भरून केळीची वाळली पानं पाठवली, गच्चीवरचा थर मांडीपर्यंत आला. वाळ्याचे नवे पडदे आले. शहाबादी फरशीवर मामांनी स्वतः गुडघे टेकून शेणाचं सारवण केलं, कारण दगड ऊन धरतो आणि शेण धरत नाही. आणि मग तालमी सुरू झाल्या. पाहुण्याच्या भूमिकेसाठी माझी निवड झाली. मी दुपारी एकला उन्हातून यायचं, दोन पडदे पार करायचे, मधल्या खोलीत तक्क्याला टेकून तासभर बसायचं आणि मग तोंडी परीक्षा द्यायची.

"कसं वाटते?"

"गार."

"किती गार?"

"छान गार, मामा."

"छान नका सांगू. अंगावर काही घ्यावंसं वाटते का?"

"नाही हो! एप्रिलात अंगावर काय घ्यायचं?"

मामांचा चेहरा पडायचा. दुसऱ्या दिवशी गच्चीवर आणखी एक थर चढलेला असायचा. माणसाला अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटलं पाहिजे, हे त्यांनी मनाशी धरलं होतं. त्याखालचा गारवा त्यांना गारवाच वाटत नव्हता. एकदा तालमीच्या मध्येच मामी पुढे आल्या. "अहो, मी काय म्हणते, बाळंतिणीला..." मामांनी बोट ओठांवर ठेवलं आणि दुसऱ्या हाताची सहा बोटं दाखवायचा प्रयत्न केला. ती पाचच असल्याने आधी पंजा आणि मग एक बोट, असं दोनदा दाखवावं लागलं. संध्याकाळी सहाला मामा थेट गच्चीवर गेले ते मामी झोपेपर्यंत उतरलेच नाहीत. रोज हेच.

विहीणबाई आणि व्याही आले ते सकाळच्या गाडीने. विहीणबाई उंच, गोऱ्या, स्वच्छ. घरात शिरताना त्या भिंतींकडे अशा बघायच्या की भिंतीने पदर सावरावा. व्याही शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. जन्मभर पोरांना हात वर करायला लावून त्यांना स्वतःलाच ती सवय लागली असावी. बायकोसमोर काही बोलायचं असलं की त्यांचा उजवा हात किंचित उचलला जायचा. मामांनी त्या दिवशी बोलण्याची बंदी उठवली होती. ते स्वतः इस्त्रीचं धोतर नेसून पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलत होते, "या, विराजमान व्हा, आपल्याला काही त्रास तर झाला नाही ना," आणि प्रत्येक वाक्यानंतर दमून जात होते. जेवणात शेवभाजी नव्हती, मिरची नव्हती. कैरीचं पन्हं, दहीभात, वाळ्याचं पाणी. खांदेशात असं जेवण आजाऱ्याला देतात. पण व्याह्यांनी दोनदा भात घेतला.

दोन वाजले. बाहेर ऊन असं पडलं होतं की रस्त्यावर कुत्रं नाही, झाडावर कावळा नाही. मधल्या खोलीत आम्ही बरोबर चार शेगड्या होतो: विहीणबाई, व्याही, मामा आणि मी. मामी स्वयंपाकघराच्या दारात. वाळ्याचा वास, पाण्याचा बारीक टपटप आवाज, काळोख. विहीणबाईंनी हळूच भिंतीला तळवा लावून पाहिला आणि काढून घेतला. कौतुक त्यांच्या तोंडावर आलं होतं, ते त्या गिळत होत्या, मला स्पष्ट दिसत होतं. आणि तेवढ्यात व्याह्यांचा उजवा हात किंचित वर झाला.

"जरा... एखादी शाल मिळेल का?"

मी पुष्कळ समारंभ पाहिले आहेत. सत्कार पाहिले, लग्नं पाहिली, निवडणूक जिंकून आलेल्या माणसांचे गुलालाने माखलेले चेहरे पाहिले. पण त्या क्षणी मामांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते पुन्हा कुठे पाहिलं नाही. जळगावात, ऐन उन्हाळ्यात, भरदुपारी, परगावच्या शहाण्यासुरत्या माणसाने शाल मागितली होती! मामा उठले. "शाल!" ते म्हणाले. "पाव्हन्याले शाल द्या!" शुद्ध भाषा केव्हाच गळून पडली होती. उन्हाळ्यात शाल वर कुठे असणार? मामींनी ट्रंक उघडली, डांबरगोळ्यांचा वास घेऊन ती लोकरीची शाल बाहेर आली आणि मामांनी ती स्वतःच्या हातांनी व्याह्यांच्या खांद्यावर घातली. नारळ तेवढा राहिला. व्याही संकोचून "आभारी आहे" म्हणाले आणि तिच्यात गुरफटून बसले. मामा माझ्याकडे पाहून नुसते हसत होते.

"म्हणजे," विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, "आमच्या ह्यांना, धडधाकट माणसाला, इथे शाल लागते. आणि या गारठ्यात तुम्ही चार दिवसांची ओली बाळंतीण ठेवणार?"

मामा व्याह्यांच्या खांद्यावरच्या शालीकडे पाहू लागले.

"बाळंतिणीला ऊब लागते हो, आबा. डोक्याला बांधायचं, शेक द्यायचा, गार पाण्यात हात घालू द्यायचा नाही. ही ओल, हा काळोख. पोरीच्या अंगात वारं शिरलं तर जन्माची दुखणी. बाळाचं तर विचारूच नका. घर छान आहे. खरंच छान आहे. पण हे बाळंतिणीचं घर नव्हे."

मामा हळूहळू खाली बसले. वीस दिवस त्यांनी उन्हाला हरवायचा विचार केला होता. जिंकल्यावर काय होईल, तो विचार करायचा राहून गेला होता. मग त्यांनी मामींकडे पाहिलं. "तुले माहीत व्हतं?"

"वीस दिवस तेच तर सांगत होते," मामी म्हणाल्या, "पण दुपारी बोलायची बंदी होती ना!"

व्याह्यांनी शालीच्या आत हसू दाबलं. मला हसू आलं नाही, कारण मामा टोपी काढून हातात धरून बसले होते आणि टोपीत ते पत्र होतं. त्यांनी ते बाहेर काढलं नाही. नुसतं अंगठ्याने घडीवरून एकदा दाबलं. मग टोपी डोक्यावर घातली, उठले आणि मावळतीच्या खोलीच्या दाराशी गेले. फटींतल्या चिंध्या एकेक करून उपसून काढल्या. कडी काढली आणि दार सताड उघडलं.

झळ एकदम आत आली. सगळ्यांना लागली. पडदे हलले. मामा त्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "विहीनबाई, अठी या. ऊब पाह्यजे ना? बाळंतपनापर्यंत पोरगी त्या खोलीत, गार. नंतर या खोलीत, गरम. अठी शेगडीची बी गरज पडनार नही. पऱ्हाट्या मी आज काढतो. चुना लावतो. खाट नवी विनून घेतो."

विहीणबाई त्या खोलीत गेल्या. दोन मिनिटांत त्यांच्या कपाळावर घाम आला. त्या पदराने तो टिपत म्हणाल्या, "अहो, पण मग हे दार उघडंच राहणार. बाळंतिणीची सतत ये-जा असते. तुमच्या बाकीच्या घराचं काय? ते सगळं तापेल."

"तापू द्या," मामा म्हणाले.

हे दोन शब्द मी माझ्या कानांनी ऐकले. देवघरातले देव उचलून न्यायला कुणी आलं असतं, तर 'न्या' म्हणणं मामांना याहून सोपं गेलं असतं. विहीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मामींकडे. मामींनी फक्त मान हलवली, जणू 'तुम्हाला नाही कळायचं, काय बोललेत ते'. पण बाईला कळलं असावं. त्या बाहेर येऊन बसल्या, पन्ह्याचा उरलेला घोट घेतला आणि व्याह्यांना म्हणाल्या, "काढा आता ती शाल. पोरीला आखाजीला पाठवू."

आखाजीला शालू आली. बाळंतपणाआधीचे दिवस ती मधल्या खोलीत मनसोक्त झोपली, आणि दवाखान्यात मुलगी होऊन पाचव्या दिवशी घरी आली ती थेट मावळतीच्या खोलीत. डॉक्टरीणबाईंनी ती खोली पाहून कपाळाला हात लावला आणि शेगडीला साफ मनाई केली; मामींनी ती सकाळी बाळाला ओवा-शेपाच्या धुरीपुरतीच आणायचं कबूल केलं. दार अर्थातच उघडं राहिलं. झळ घरभर फिरली. मधल्या खोलीचा गारवा अर्धा झाला, पण उरलेला अर्धासुद्धा गल्लीतल्या कुठल्याही घरापेक्षा चांगला होता.

त्या वर्षी मृग कोरडाच गेला, ऊन हलायला तयार नव्हतं. मी एका रविवारी दुपारी तिकडे टेकायला गेलो. माझ्याखेरीज त्या खोलीत कुणीही नव्हतं. चारातली दुसरी एकही शेगडी नाही. तक्क्याला टेकून मी मावळतीच्या खोलीकडे पाहिलं. शालू डोक्याला रुमाल बांधून कुशीवर झोपली होती. खाटेशेजारी, जमिनीवर, मामा मांडी घालून बसले होते आणि मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली नात होती. ते घामाने निथळत होते. सदरा पाठीला चिकटला होता. कपाळावरून घामाची धार नाकाच्या शेंड्याशी आली, की ती बाळाच्या अंगावर पडू नये म्हणून ते मान वळवायचे, धार जमिनीवर पडू द्यायचे आणि पुन्हा समोर बघायचे. हात हलवत नव्हते, कारण हात हलवले तर ती जागी झाली असती.

"मामा," मी हळूच म्हणालो, "इकडे या थोडा वेळ. इथे गार आहे. मी धरतो तिला."

"नको. तिले तठी गारठा लागंल."

"मग तिला मामींकडे द्या आणि तुम्ही या."

त्यांनी पुन्हा मान वळवली, धार जमिनीवर पडू दिली. "तुम्ही झोपा, जावाईबोवा," ते म्हणाले.

मी डोळे मिटले. जळगावातली सगळ्यांत गार खोली पुरती माझी एकट्याची होती, वाळ्याचा वास होता, पाणी ठिबकत होतं, आणि मला काही केल्या झोप येईना.